पातळ धारेच्या पटाशा

मुलुंड (पूर्व),
८ जुलै १९८५

ती. दादांना मालनचा नमस्कार. शांतावहिनींनाही सांगावा.

ह्यांच्या हत्यारांची पेटी तुमच्याकडे सुखरूप पोचली, असं नंदूभाऊजी सांगून गेले. चौदाव्याला तुम्ही म्हणालात की हत्यारं घरातल्या पुरुषाकडे असावीत, तेव्हा मी लगेच बांधून दिली. त्या गडबडीत तेलाचा डबा आणि धारेचा दगड इथेच राहिला. तो पाठवायचा असेल तर कळवा.

मी बरी आहे. जेवते. तुम्ही विचारलं होतं म्हणून लिहिते. दुपारी डोळा लागत नाही. घर झाडते, पुन्हा झाडते, ह्यांचा कामाचा बाक पुसते. परवा भाजी आणायला निघाले आणि चालत नाहूर गावापर्यंत गेले. तिथे पोचल्यावर लक्षात आलं की पिशवी रिकामी आहे. शेजारच्या बायका म्हणतात, देवळात जाऊन बसत जा. गेले होते. बसवत नाही. हातांना काही नसलं की मला बसता येत नाही.

श्यामसुंदर साहेबांच्या बंदुकीचा दस्ता तसाच अर्धवट आहे. साहेब तुम्हाला आठवत असतील, वनखात्यातून निवृत्त झालेले, रायफल क्लबात जातात. अक्रोडाचं लाकूड त्यांनीच आणून दिलं होतं. बाहेरचा आकार ह्यांनी काढला आहे. आतलं खोदकाम, म्हणजे लोखंड लाकडात नीट बसवायचं काम, निम्मं राहिलं. दस्ता भिंतीला टेकवून ठेवला आहे. साहेबांनी तो न्यायला माणूस पाठवला नाही, मीही विचारलं नाही.

पत्राचं कारण वेगळं आहे. आमच्या चाळीतला राजाराम फर्निचरचं काम करतो. त्याला हे दस्त्याचं काम करायचं मनात आहे आणि त्यासाठी पटाशा घ्यायच्या आहेत. चांगली पटाशी कशी ओळखायची, असं तो मला विचारत होता. मला काय ठाऊक? तुमचं आयुष्य सुतारकामात गेलं. कोणत्या रुंदीच्या घ्याव्या, पोलाद कसं बघावं, नवीन बऱ्या की जुन्या, ते कळवा. घाई काही नाही. पण लवकर कळवलंत तर बरं होईल.

आपली,
मालन


वरचीवाडी, ता. कणकवली,
२१ जुलै १९८५

गं. भा. मालनला धोंडूचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. दगड तिथेच राहू दे, इथे दगडांना तोटा नाही.

राजारामला सांग, पटाशी घ्यायची तर वजन बघून घे. हातात धरल्यावर मनगटाला कळली पाहिजे. बाजारातल्या रंगवलेल्या मुठींच्या पटाशा म्हणजे पोरांची खेळणी. आमच्याकडचा लोहार ट्रकच्या कमानपट्टीतून पटाशी घडवतो. चौकट खणताना आत खिळा लागला तरी ती तोंड वाकडं करत नाही. एक इंचाची, एक पाऊण इंचाची आणि खोल भोकांसाठी एक किकरं. एवढ्यावर मी घरं उभी केली. बंदुकीचा दस्ता म्हणजे तरी काय, लाकूडच ना? राजाराम इकडे येणार असेल तर लोहाराला सांगून ठेवतो.

शिवदासच्या पटाशांचं तुला सांगायचं राहिलं. त्या फारच पातळ होत्या गं. शाळेच्या दाराची सागवानी चौकट करताना मी एक काढली, तर दोन ठोक्यांत धारेचा तुकडा उडाला. म्हटलं, एवढी वर्षं मुंबईत काढून ह्याने ही कागदासारखी हत्यारं का सांभाळली? मग बाळाच्या गिरणीत धार लावायचं चाक आहे, तिकडे सगळी पेटी नेली आणि एकेकीचं तोंड जाड करून घेतलं. ठिणग्या बघायला माणसं जमली होती. एकदोन टोकाला निळ्या पडल्या, पण आता मजबूत झाल्यात, कामाला येतात. घरी येताना वाटेत मनात आलं, शिवदासला कळवायला हवं, की बघ, तुझ्या हत्यारांचं मी काय केलं ते. मग आठवलं. तिथेच बांधावर जरा बसलो.

आता मुद्द्याचं. तू तिथे एकटी कशाला बसली आहेस? गणपतीला ये आणि कायमची ये. खोलीचं काय ते नंदू बघेल. शांताला तुझी सोबत होईल. चाळीत एकट्या बाईने राहायचं म्हणजे आज ना उद्या लोकांची तोंडं उघडणार. शिवदास नाही, तर तुझी काळजी मलाच केली पाहिजे. उत्तर पाठव.

धोंडू


मुलुंड (पूर्व),
१९ ऑगस्ट १९८५

ती. दादांना नमस्कार.

पत्र मिळालं. पटाशांचं वाचलं. उत्तराला उशीर झाला, मध्ये लिहायला हात वळला नाही.

तुम्ही सांगितलेलं राजारामला सांगितलं. कमानपट्टीची पटाशी चौकटीला चांगली, हे त्यालाही पटतं. पण त्याचं म्हणणं असं की दस्त्याच्या आत ठोके घालायचेच नसतात. लोखंड जिथे टेकतं तेवढंच आणि तेही केसाएवढं कापायचं, नुसत्या हाताच्या दाबाने. जास्त कापलं तर फट राहते. फट राहिली तर बार उडाला की लोखंड मागे धक्का देतं आणि दस्ता मनगटाशी, म्हणजे मुठीच्या बारीक जागी, चिरतो. म्हणून पटाशी लांब हवी, पातळ हवी. वजन नसलं तरी चालेल. कमानपट्टीचं पोलाद चिवट असतं, पण त्याला इतकी बारीक धार धरवत नाही.

पटाशांसाठी बरीच पायपीट झाली. मुलुंडच्या हार्डवेअरवाल्याकडे नवीन होत्या, चकचकीत. त्याच्या गल्ल्यावरच्या काचेवर पटाशी पालथी ठेवून खालून उजेड दिसतो का ते बघितलं, तर मध्ये पोक. पाठ सपाट नसेल तर ती पटाशी सरळ चालत नाही, दगडावर कितीही घासा. दुसरी मागितली, तिसरी मागितली. दुकानदार वैतागला. म्हणाला, "बाई, पटाशी घ्यायची आहे की आरसा?" घाटकोपरला एका दुकानात पाठ बरी मिळाली, पण धारेजवळ कानस लावली तर ती चिकटून लोखंड खाऊ लागली. कानस तिथून घसरली पाहिजे. चिकटली म्हणजे पोलाद मऊ, पाणी नीट दिलेलं नाही. त्या दुकानदाराने तर कानस हातातून काढून घेतली.

शेवटी कांजूरमार्गला मिळाल्या. आग्रा रोडवरच्या बंद पडलेल्या एका कारखान्याचं सामान तिथल्या भंगारवाल्याकडे उतरलं होतं. ओतकामासाठी लाकडी साचे करणारे सुतार असतात, त्यांच्या ह्या पटाशा. वीतभर लांब पातं, पातळ, आणि दोन गोल पटाशा, ज्यांची धार आतल्या बाजूने असते. वरून गंज होता. गंज वरवरचा असेल तर काही बिघडत नाही. फक्त धारेजवळच्या पाठीवर खड्डे नकोत, कारण घासून घासून ते खड्डे कधीतरी धारेत येतात. दोन बाजूला टाकल्या, बाकीच्यांची तिथेच परीक्षा घेतली. खोक्याच्या हलक्या देवदाराच्या फळीला टोकाकडून कापून बघायचं, जिथे लाकडाच्या शिरा संपतात. वाईट पटाशी तिथे भुसा करते. चांगली असेल तर कापलेली जागा तेल लावल्यासारखी चमकते. ही चमकली.

एका मुठीवर तापल्या तारेने "भीमराज" असं नाव डागलेलं आहे. कोण असेल हा माणूस, आता कुठे कामाला असेल, असं मनात येत राहतं. अशी पटाशी कोणी आपण होऊन टाकत नाही.

गणपतीला मला जमणार नाही. हे वर्ष असंच आहे, सणाला मी तिथे येऊन काय करू? कायमचं यायचं सध्या विचारू नका. मी इथे बरी आहे. थोडं काम हाती आहे.

वहिनींच्या गुडघ्याला एरंडेल चोळत जा. इथलं माझं संपलं, आज नवीन आणलं.

आपली,
मालन


वरचीवाडी,
२१ सप्टेंबर १९८५

गं. भा. मालन हिस,

गणपती विसर्जन झाल्याबरोबर लिहायला बसलो आहे. मन ठिकाणावर नाही, तेव्हा शब्द कमीजास्त झाला तर वाचून घे.

नंदू गणपतीला आला होता. तो मला सांगेना, शांताने खोदून विचारलं तेव्हा बोलला. तो म्हणतो, निघायच्या आधी वहिनीकडे डोकावलो, तर ती चुलीजवळ एरंडेलाच्या दिव्यावर थाळी पालथी घालून काजळ धरत होती. तिच्या डोळ्याच्या कडेला काजळ होतं. गालावर फरकटलेलं होतं. त्याने विचारलं तर तू तोंड पुसलंस आणि चहाला उठलीस. त्या घरात लहान मूल नाही. मग काजळ कोणासाठी, तूच सांग. शिवदासला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही.

दुसरं. दर रविवारी स्कूटरवरून कोणी साहेब येतो आणि दुपार होईपर्यंत बसतो, असं चाळीतल्या बायका नंदूला म्हणाल्या. कोण तो? काय काम असतं त्याचं? मी खोटं समजलो असतो. नंदूला तिखटमीठ लावायची सवय आहे, लहानपणापासून. पण मग मी त्याला राजारामचं विचारलं, की पटाशा घेतलेला तो सुतार कसा आहे. तर नंदू माझ्या तोंडाकडे बघत राहिला. राजाराम दोन वर्षांपूर्वी खोली सोडून अंबरनाथला गेला म्हणे. तुझं मागचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. मुलुंडचा दुकानदार राजारामला "बाई" म्हणाला? मी सातवी शिकलो आहे मालन, पण एवढं मला कळतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मात्र कळलं नाही. तुझ्यावर विश्वास होता म्हणून कळलं नाही.

मला काय समजायचं ते समजलो. माझ्या भावाचं नाव त्या चाळीत कोणी असंतसं घेतलेलं मला चालणार नाही. पाच तारखेला येस्टीने निघतो, सहाला रविवार आहे, तिकडे येतो. तो साहेबही बघतो. सामान बांधून ठेव. तुला घेऊनच परत येणार.

धोंडू


मुलुंड (पूर्व),
२६ सप्टेंबर १९८५

ती. दादांना,

या. रविवारीच या. नंदूभाऊजींनाही आणा, त्यांनी अर्धंच बघितलं.

राजारामचं मी खोटं लिहिलं. तो इथे नाही. पटाशा माझ्यासाठी घेतल्या. पहिल्याच पत्रात तसं लिहिलं असतं तर तुम्ही उत्तर दिलं असतं का, ते मला माहीत नाही.

काजळाचं पत्रात लिहून तुमचं समाधान होणार नाही. साहेब येतात तेव्हा दार उघडं असतं, हे बायकांनी सांगितलं नसेल.

येताना ह्यांच्या पटाशांमधली निळी पडलेली एक घेऊन या. अर्ध्या इंचाची असेल तर तीच आणा. पेटी आणायची गरज नाही. सामान मी बांधलेलं नाही.

मालन


वरचीवाडी,
१२ ऑक्टोबर १९८५

चि. मालनला अनेक आशीर्वाद.

काल पोचलो. वाटेत गाडी बंद पडली, त्यामुळे विचार करायला नको तेवढा वेळ मिळाला. तिथे असताना जे तोंडातून निघालं नाही ते लिहितो. तुझ्यासमोर मला बोलता येईना, आणि नंदू होता.

घरात पाऊल टाकलं तेव्हा शांता ओट्यावरच बसली होती. तिने गाडीवाटेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एकटेच? मालन येवक नाय?"

"नाय."

"कित्याक?"

"ती कामात आसा."

"तिच्या डोळ्यात काजळ होता?"

"होता."

"मगे?"

"मगे काय नाय. लोखंडाचा होता."

तिला वाटलं मला प्रवासात ऊन लागलं. पाणी आणून दिलं. मग सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

मी दारात आलो तेव्हा मला वाटलं होतं, तू दचकशील. तू डोक्यावरून पदर घेतलास आणि म्हणालीस, "दादा, बसा. आता उठता येत नाही." तो साहेब खुर्चीत, मांडीवर बंदूक. मी भांडायचं ठरवून आलो होतो, चाळीचा जिना चढताना शब्दही जुळवले होते. तर तो ओठांवर बोट ठेवून मला म्हणतो, "या मेस्त्री. जरा थांबा, तिचा हात चालू आहे." मी थांबलो. मी का थांबलो ते मला अजून कळलेलं नाही.

मग बघितलं. साहेबाने जुन्या दस्त्यातून बंदुकीचं लोखंड सोडवून तुझ्यापुढे ठेवलं. तू थाळीवरचं काजळ बोटावर घेतलंस, लोखंडाला अगदी पातळ लावलंस, ते दस्त्याच्या खोबणीत दाबलंस आणि सरळ वर उचललंस. लाकडावर काळे ठिपके उमटले. जिथे ठिपका तिथेच ती लांब पटाशी टेकवून कापलंस. लाकडाचा जो पापुद्रा निघाला तो फुंकरीने उडाला. पुन्हा काजळ, पुन्हा दाब, पुन्हा ठिपके. मध्येच मनगटाने कपाळावरचा घाम पुसलास आणि काजळ डोळ्याच्या कडेला गेलं. नंदू माझ्याशेजारी उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो छताकडे बघायला लागला.

मी विचारलं, बाजारातली काळी पूड का नाही, तर तू वर न बघता म्हणालीस, "ती पसरते. ह्यांना माझं एरंडेलाचं काजळच लागायचं. तूप नाही चालत, लाकडात मुरतं आणि मग पॉलिश धरत नाही." एवढं तू माझ्याशी सलग कधी बोलल्याचं आठवत नाही.

चहा साहेबानेच केला. फार गोड. निवृत्त अधिकाऱ्याच्या हातचा चहा मी पहिल्यांदा प्यालो. मी विचारण्याआधीच त्याने बंदुकीचा परवाना दाखवला, म्हणाला बंदूक मी स्वतः आणतो आणि स्वतः परत नेतो, इथे ठेवता येत नाही, म्हणून बसावं लागतं. मग तू पाणी आणायला खाली गेलीस तेव्हा तो हळू आवाजात बोलला. म्हणाला, "मेस्त्री, शिवदासचे हात शेवटची दोनतीन वर्षं कापायचे. बाहेरचा आकार तो काढायचा. आतलं बसवायचं काम तेव्हापासून हीच करते. मला ठाऊक होतं, त्याने सांगितलं नव्हतं तरी." दोन वर्षांपूर्वी शिवदासने मला तिथे एक दस्ता दाखवला होता आणि मी म्हटलं होतं, लोखंड लाकडातून उगवल्यासारखं दिसतंय रे. तो हसला होता. तू तेव्हा भाकऱ्या थापत होतीस. त्यानेही सांगितलं नाही, तूही नाहीस.

आता त्या निळ्या पटाशीचं. मी ती फडक्यात गुंडाळून आणली होती, आणि खरं तर जरा तोऱ्यातच दिली, की बघ किती मजबूत केली. तू धार दगडावर लावलीस, अक्रोडाच्या तुकड्यावर टेकवलीस आणि दाबलीस. धार पत्र्यासारखी दुमडली, चाकाच्या उष्णतेने पोलादाचं पाणीच उतरलं होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तू ती फडक्यावर ठेवलीस आणि दुसरी उचललीस. चार शब्द सुनावले असतेस तर मला बरं वाटलं असतं. गाडीत सगळा वेळ मला बाळाच्या गिरणीतलं ते चाक दिसत होतं. ठिणग्या बघायला जमलेली माणसंही दिसत होती. त्या ठिणग्या कसल्या होत्या ते मला समजायला हवं होतं. मी सुतार आहे.

एक विचारायचं राहिलं. निघताना तो दस्ता मी हातात घेऊन उजेडात धरला. शिवदासने कुठे सोडलं आणि तू कुठून धरलंस ते बघत होतो. मला सापडलं नाही. तुला कळतं का?

पेटी नंदूबरोबर परत पाठवतो. तो सुट्टी संपवून सोळाला निघेल. त्याला सांगितलं आहे, स्टेशनपासून रिक्षा करायची नाही, डोक्यावरून न्यायची. खंडेनवमी जवळ आली. पूजा मी इथे बसून करणार होतो, पण हत्यारं तुझ्या हातात चालतात तर पूजा तूच कर. कोणी काही म्हणालं तर माझं नाव सांग.

कायमची ये असं आता म्हणत नाही. मे महिन्यात आंब्यांना ये.

धोंडू


मुलुंड (पूर्व),
२८ ऑक्टोबर १९८५

ती. दादांना आणि वहिनींना नमस्कार.

पेटी पोचली. नंदूभाऊजी खरंच डोक्यावरून घेऊन आले. वरच्या जिन्यावरच्या बायका विचारत होत्या, "काय रे नंद्या, हमाली धरलीस का?" ते तसेच आत आले. पेटी ठेवली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, माझं चुकलं ना यार." मी म्हटलं, बसा, जेवून जा. जेवले. दोनदा भात घेतला.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. डोळ्यांना मलाही दिसत नाही. पण खोबणीतून बोट फिरवलं की कळतं. ह्यांचा हात कापायचा म्हणून ते पटाशी थोडी उजवीकडे झुकवून धरायचे. माझी सरळ चालते. जिथे त्यांचं संपतं तिथे लाकूड बोटाला जरा वेगळं लागतं. ती जागा मी घासून एकसारखी केलेली नाही. लोखंडाखाली जाते, कोणाला दिसणार नाही आणि बंदुकीला त्याचा त्रास नाही. हात कापतो हे कोणाला सांगू नकोस, असं ते म्हणाले होते. म्हणून सांगितलं नाही. दुसरं कारण नव्हतं.

खंडेनवमीला बाक धुतला, पाट ठेवला आणि सगळ्या पटाशा ओळीने मांडल्या. त्यांच्या आणि भंगारातल्या, भीमराजची पण. झेंडू वाहिले, हळद लावली. कुंकवाची डबी उघडली, पण बोट पुढे जाईना. कोणी अडवलं नव्हतं, खोलीत मी एकटीच होते. मग थाळीवरचं काजळ घेतलं आणि प्रत्येकीच्या पाठीवर त्याचा ठिपका दिला. चुकलं असेल तर वहिनींनी कळवावं. दसऱ्यालाही त्या तशाच पाटावर होत्या. नंतर पुसून कामाला घेतल्या.

साहेबांचा दस्ता काल पुरा झाला. त्यांनी बंदूक खांद्याला लावली, गाल टेकवला, डोळे मिटून पुन्हा लावली. जाताना म्हणाले, क्लबातला एक जण आहे, त्याच्या बंदुकीचा दस्ता मनगटाशी चिरलाय, पुढच्या रविवारी दोघं येऊ. मी चाळीतल्या बायकांना आधीच सांगून ठेवलं की आता दोन स्कूटरी येतील.

झोप अजून नीट येत नाही. पण नाहूरपर्यंत चालत जाणं थांबलं आहे.

तुम्ही चाकावर धरलेल्या पटाशांचं मनाला लावून घेऊ नका. एकेक तपासली. बहुतेकींचं फक्त टोक जळलं आहे, नखाएवढं. तेवढं मी दगडावर हळूहळू उतरवते आहे, पाणी लावत लावत, गरम होऊ देत नाही. त्यामागचं पोलाद चांगलं आहे, कानस घसरते. आखूड होतील, पण पुन्हा पातळ होतील. बराच वेळ जाईल. वेळ आहे.

तुम्ही फडक्यात आणली होतीत ती अर्ध्या इंचाची मात्र फार आतपर्यंत जळली आहे. दस्त्याला ती आता चालणार नाही. दिवाळीला नंदूभाऊजी तिकडे येतील तेव्हा ती त्यांच्या हाती तुमच्याकडे परत पाठवते. जाड धार करून दिली आहे, चौकटीला चालेल. तुम्हीच वापरा, दुसऱ्या कोणाला देऊ नका. मूठ सैल वाटली तर आत पाचर ठोका, पण मूठ बदलू नका. अंगठ्याखाली जो खळगा पडला आहे तो ह्यांचा आहे. तुमचा अंगठा त्यात बसेल असं मला वाटतं. बसला तर कळवा.

आपली,
मालन